दाढ नव्हे, नस दुखते आहे

तोंडावर पाणी मारले आणि गालातून करंट गेल्यासारखी कळ उठली. मशेरी लावताना बोट हिरडीला लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घास चावताना, बोलताना, दाढी करताना, नुसता वारा लागला तरी तेच. कळ काही सेकंदांत जाते, पण पुन्हा येते. घरचे म्हणतात, दाढ किडली असेल. दाढ काढली जाते, कळ मात्र तशीच राहते. मग शेजारची दाढही काढतात. असे चांगले दात गमावण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. हे दुखणे दाताचे नसून चेहऱ्याच्या नसेचे असू शकते. या आजाराला ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात.

ही नस कोणती?

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू. मेंदूतून अशा १२ जोड्या निघतात. त्यांतील पाचवी जोडी ट्रायजेमिनल, चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक. तिला तीन फांद्या असतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा, खालचे दात आणि जिभेकडे. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात, मिरचीने जीभ भाजते, ती खबर मेंदूला हीच नस देते. गालाची आणि दाताची खबर एकाच वाटेने जात असल्यामुळे नसेचे दुखणे दाताचे वाटते.

कळ का येते?

लंडनचे डॉक्टर जॉन फॉदरगिल यांनी या आजाराचे नेमके वर्णन १७७३ मध्ये केले. कारण मात्र कळत नव्हते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांना शस्त्रक्रिया करताना दिसले की, अनेक रुग्णांत एक रक्तवाहिनी या नसेच्या मुळाला टेकलेली असते. रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला उडते आणि नसेवर घासते. वायरीवरचे प्लास्टिक झिजावे तसे नसेचे आवरण झिजते. मग साधा स्पर्शही शॉकसारखा जाणवतो. काही रुग्णांत मेंदूतील गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार कारण असतो.

हा आजार पन्नाशीनंतर अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

दात की नस? असे ओळखा

- दाताचे दुखणे ठणकत राहते, थंड-गरम लागले की वाढते, रात्री झोप मोडते, सूज येते.
- नसेची कळ विजेसारखी असते. क्षणभर ते फार तर दोन मिनिटे टिकते. बहुतेक वेळा चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते आणि हलक्या स्पर्शानेही उठते. दोन कळांच्या मध्ये बहुतेकांना काहीच दुखत नाही.

आधी दंतवैद्याला दाखवा, एक्स-रे काढा. दात चांगला असेल तर काढू देऊ नका. मेंदूविकार तज्ज्ञाकडे, म्हणजे न्यूरॉलॉजी विभागात जा. मुंबईचे केईएम, नागपूरचे शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय अशा सरकारी व पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. कारण शोधण्यासाठी तिथे एमआरआय करतात. वय चाळिशीच्या आत असेल, चेहरा बधिर वाटत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा दोन्ही बाजूंना कळ येत असेल, तर एमआरआय टाळू नका.

उपचार आहे

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. १९६२ मध्ये स्वीडनचे डॉक्टर ब्लोम यांनी दाखवले की, फिट्सवरची कार्बामाझेपिन ही गोळी या कळेवर चालते. आजही सुरुवात बहुधा तिनेच होते. गोळी 'फिट्सची' आहे म्हणून घाबरू नका. डॉक्टर डोस हळूहळू वाढवतात. चक्कर, झोप येऊ शकते. रक्तातील सोडियम घटू शकते, म्हणून सांगितलेल्या रक्त तपासण्या करा. गर्भनिरोधक गोळी घेत असाल, दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. एरवी मनाने गोळी बंद करू नका.

गोळीने भागत नसेल तर शस्त्रक्रिया आहे. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये गादी बसवण्याची पद्धत रूढ केली. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही, त्यांच्यासाठी सुईवाटे किंवा किरणांनी उपचार करतात. खर्चाच्या धास्तीने मागे फिरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

याच नसेवरची नागीण

नागीण कपाळावर किंवा डोळ्याजवळ उठली, तर ती बहुधा याच नसेच्या पहिल्या फांदीवर असते. पूर्वी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून राहतो आणि पुन्हा जागा होतो. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस मरतो, हा समज खोटा आहे. मंत्र, उतारा, लेप यांत वेळ घालवला तर डोळा जाऊ शकतो. विषाणूवरचे औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेले उत्तम. उशीर झाला तरी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवाच.

घरच्यांसाठी

कळ बाहेरून दिसत नाही. म्हणून 'नाटक करते', 'बाहेरचे लागले' असे म्हटले जाते. कळेच्या भीतीने माणूस जेवण सोडतो, बोलणे टाकतो, खचतो. अशा माणसावर विश्वास ठेवा. मऊ, कोमट अन्न द्या. थंड वाऱ्यात चेहऱ्याला रुमाल बांधू द्या. कळ कधी येते, किती वेळ टिकते, कशाने उठते, हे वहीत लिहून ठेवा. या आजाराचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. ती वही घेऊन त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.