पाठदुखी केव्हा साधी नसते?

मेंदूचे सर्जन फक्त डोक्याचे ऑपरेशन करतात, असे आपल्याला वाटते. पण पाठीच्या कण्याचे आजारही हेच डॉक्टर पाहतात. मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारा मज्जारज्जू या कण्यातून जातो. त्यावर दाब आला की पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो.

असा दाब आणणारा, पण वेळीच ओळखल्यास बरा होणारा आजार म्हणजे मणक्याचा क्षय. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात जातात आणि हाड पोखरतात. अशा वेळी खोकला असेलच असे नाही. सोनिवलीच्या आसपासच्या वाड्यांवर वीटभट्टी आणि लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्याला पाठदुखी कामाचीच वाटते. तेल चोळणे, भगत, गोळ्या यांत महिने जातात.

ही लक्षणे ध्यानात ठेवावीत: काही आठवडे न थांबणारी, रात्री झोपू न देणारी पाठदुखी, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, पाठीवर उंचवटा. पाय जड झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर एक दिवसही थांबू नये. दुखरी पाठ तुडवून घेऊ नये.

सुरुवातीला साध्या एक्स-रेत आजार दिसेलच असे नाही, एमआरआय लागतो. बहुतेक रोगी केवळ औषधांनी बरे होतात, मात्र ती वर्षभर किंवा अधिक काळ घ्यावी लागतात. मज्जारज्जू दबला असेल किंवा कणा वाकत असेल, तर सर्जन पू व सडलेले हाड काढून स्क्रूने कण्याला आधार देतात. त्यानंतरही औषधे चालूच राहतात.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. आपल्याला जवळचे मोठे सरकारी रुग्णालय उल्हासनगरला आहे. मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रियेचे विभाग मुंबईत सायन आणि के.ई.एम. रुग्णालयांत आहेत.

भारतातील मेंदू-शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात सुरू केला. आज असे सर्जन बदलापूरहून लोकलने गाठता येतात. पण वाडीपासून स्टेशनापर्यंतची वाट रोग्याला एकट्याने पार करता येत नाही. वाडीवर जाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा: पाठ किती दिवस दुखते? आणि औषध चालू असेल, तर या महिन्याच्या गोळ्या आणल्या का?