खिडकीजवळची जागा अम्मींना द्या

नरखेड स्टेशनावरून दिल्ली-चेन्नई मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. पण आपल्या घरांतील कितीतरी स्त्रियांचा रेल्वेप्रवास नागपूरच्या पुढे गेलेला नसतो. तोही दवाखान्यासाठी, निकाहसाठी नाहीतर मय्यतीसाठी. माझ्या अम्मींची पासष्ट वर्षे अशीच गेली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना भोपाळ दाखवायला नेले. घरचे म्हणाले, रात्रीची गाडी बरी, झोपेत प्रवास होतो. मी दिवसाच्या गाडीचा आग्रह धरला. नागपूर-इटारसी हा सुमारे 300 किलोमीटरचा मार्ग सातपुडा ओलांडतो आणि आपण तो झोपेत घालवतो.

संत्र्याच्या बागा पांढुर्ण्यापर्यंत सोबत करतात. पुढे चढ लागतो. मुलताई सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. 'तापीचा उगम मुलताई' हे शाळेत मुले पाठ करतात. ते गाव नरखेडहून रेल्वेने तासाभरावर आहे, हे त्यांना ठाऊक नसते. नागपूर-अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी आपली वर्धाही त्याच परिसरात उगम पावते. तापी अरबी समुद्राला मिळते, तर वर्धेचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "म्हणजे माहेर एक आणि सासर दोन दिशांना!"

बैतूलनंतर मरामझिरी ते धाराखोह हा घाट येतो. सागाचे जंगल, वळणे, बोगदे. इटारसीकडून चढणाऱ्या जड मालगाड्यांना इथे जादा इंजिनाची मदत लागते. अम्मींनी हातातली तसबीह थांबवली आणि घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. पुढे नर्मदेचा पूल आला, तेव्हा त्यांनीच नातवंडांना हाक मारली.

भोपाळची भव्य ताजुल मसाजिद त्यांनी डोळे भरून पाहिली. तरी घरी परतल्यावर शेजारणींना पहिल्यांदा सांगितले ते घाटाबद्दलच.

जाणार असाल तर घाट उजेडात येईल अशी गाडी निवडा. आरक्षणात 45 वर्षांवरील स्त्रियांना खालच्या बर्थसाठी प्राधान्य असते, त्याचा लाभ घ्या. रोट्या, सुकी भाजी आणि पाणी सोबत ठेवा. नमाजच्या वेळा आणि कस्र आधीच विचारून घ्या. बोगद्यांत मुलांचे हात खिडकीबाहेर जाऊ देऊ नका.

दवाखान्याची तिकिटे आपण काढतोच. घरातल्या मोठ्या बाईसाठी एक तिकीट नुसते पाहण्यासाठीही काढावे. तिचे गुडघे साथ देत आहेत तोवरच.