कॉमिकमधला रणगाडा कोणता आहे?

युद्धकथांच्या कॉमिक्सबद्दल बोलायचं तर पहिली हरकत ठरलेली असते. मुलांचं पुस्तक ते, रणगाडा थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं? आम्हाला वाटतं, बरंच बिघडतं.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचंच उदाहरण घेऊ. १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर ते पूना हॉर्सचे प्रमुख होते. आपल्याकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन, समोर अमेरिकन पॅटन. ओळखायला दोन्ही सोपे. सेंच्युरियनच्या बाजूला पोलादी पत्रे लावलेले असतात, त्यामुळे चाकांचा वरचा भाग झाकलेला दिसतो. पॅटनचा बांधा गोलसर, वरचा फिरता घुमट उपड्या कढईसारखा आणि चाकं उघडी. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही बघायला मिळतात, जमलं तर जाऊन या. हा फरक पुसला की पानावर कोण कुणावर मारा करतोय तेच कळेनासं होतं. मग चित्रकार रणगाड्यावर झेंडा काढून मोकळा होतो. आता लढाईत झेंडा फडकवत कोण जाईल, सांगा!

अंतराचंही तसंच. खरी झुंज शेकडो मीटरवरून, कधी त्याहून लांबून होते. उभ्या पिकाआडून समोरचा आधी कुणाला दिसला, यावर पुष्कळ काही ठरतं. कॉमिकात मात्र दोघं तोंडाला तोंड लावून उभे. ही सूट आम्ही देतो, चौकटच तेवढी असते. पण रणगाड्याच्या आतली एखादी चौकट तरी हवी. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात: कमांडर, गनर, गोळा भरणारा आणि चालक. नायकाचा एकच चेहरा काढला की बाकीचे तिघं गायब होतात.

पण खरी गफलत गाळण्यात आहे, आणि ती आपल्या भागाशी जोडलेली आहे. तारापोर यांची सुरुवात हैदराबाद संस्थानच्या फौजेत झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरलं, तेव्हाही ते त्याच फौजेत होते. पूना हॉर्समध्ये ते १९५१ साली आले आणि १६ सप्टेंबर १९६५ ला रणांगणावर पडले. परमवीर चक्र मिळालं ते मरणोत्तर.

लातूर-नांदेडकडे निजामाचं सैन्य म्हटलं की आपल्याला रझाकार आठवतात. ते साहजिक आहे, कासिम रझवी लातूरातच वकिली करायचा. पण रझाकार ही वेगळी सशस्त्र संघटना, संस्थानची नियमित फौज वेगळी. तारापोर यांची कथा बालपणावरून थेट १९६५ वर नेली, तर हा फरक आपल्या मुलांना कधी दिसणारच नाही. मधली दोन-तीन पानं अवघड आहेत, मान्य. तीच वाचावीशी वाटतील.

आणि ती काढताना १९४८ च्या नळदुर्गात सेंच्युरियन दाखवू नये. तो भारतात त्यानंतर काही वर्षांनी आला.