अवर्षणांत हिरवळीचें पाणी



ज्यांच्या घराभोवतीं थोडी मोकळी जागा आहे आणि त्या जागेवर ज्यांनीं हौसेनें हिरवळ राखली आहे, त्यांच्यापुढें पाऊस दगा देतो त्या वर्षीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. माणसांनाच पाणी पुरत नाहीं. मग गवताला द्यावयाचें कीं नाहीं? या प्रश्नाचा निकाल भावनेच्या भरांत न लावतां गणिताच्या व वनस्पतिशास्त्राच्या आधारें लावावा, आणि ज्या प्रदेशानें तो मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला त्या प्रदेशाचा अनुभव आपल्यापुढें ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. तो प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थान.

तेथील उपनगरांत घरापुढें गवताचा हिरवा गालिचा असणें हें प्रतिष्ठेचें लक्षण मानीत आले आहेत. परंतु तेथें पाऊस पडतो तो हिवाळ्यांत. उन्हाळा सारा कोरडा. म्हणजे गवताला तहान अधिक त्याच वेळीं आकाश रितें! उन्हाळ्यांतील पाण्याचा मोठा भाग सिएरा नेवाडा पर्वतावरील बर्फ वितळून येतो. २०१२ सालीं तेथें अवर्षणाला आरंभ झाला. आणि १ एप्रिल २०१५ रोजीं बर्फाची मोजदाद झाली तेव्हां तें नेहमीच्या मानानें अवघें ५ टक्के भरलें. ज्या ठिकाणीं एरव्हीं सुमारें पांच फूट बर्फ असावयाचें, तेथें उघड्या वाळक्या गवतावर उभें राहून गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीं शहरांतील पाण्याचा वापर २५ टक्क्यांनीं कमी करण्याचा हुकूम जाहीर केला.

एवढी कपात करावयाची कोठें? तेथील घरगुती पाण्यापैकीं सुमारें निम्में पाणी घराबाहेर, मुख्यतः बागेंत, खर्च होत असे. तेव्हां कात्री प्रथम कोठें लागणार हें उघडच होतें.

आतां थोडें गणित करूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभें केलें तर तें बरोबर एक लिटर भरतें. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशी हिरवळ घ्या. तिला एकदां चांगलें, म्हणजे २५ मिलिमीटर, पाणी द्यावयाचें तर २,५०० लिटर लागतात. आपल्याकडे शहरांत माणशीं रोज १३५ लिटर हें प्रमाण धरतात. म्हणजे हिरवळीच्या एका पाण्यांत चार माणसांच्या कुटुंबाचा साडेचार दिवसांचा निर्वाह होतो. हा आंकडा ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील नियमांचें मर्म आपोआप कळतें.

तेथील नियम असे होते: पाणी वाहून रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या आवारांत जाईल इतकें देऊं नये. पाऊस पडल्यानंतर ४८ तासांत बागेला पाणी घालूं नये. मोटार धुण्याच्या रबरी नळीला हात सोडतांच बंद होणारी तोटी असावी. फरसबंदी पाण्यानें धुवूं नये, झाडावी. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यांतील शोभेच्या गवताला पिण्याचें पाणी मुळींच देऊं नये. नियम मोडणाऱ्यास दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड करण्याची तरतूद होती. शिवाय कपात सर्वांना सारखी नव्हती. ज्या गांवीं माणशीं वापर अधिक, त्या गांवाला कपातहि अधिक. तिची कमाल मर्यादा ३६ टक्के होती. काटकसरीनें राहणाऱ्यावर आणि उधळ्यावर एकच टक्केवारी लादली असती, तर तो न्याय झाला नसता.

नियम करतांनाहि विचार लागतो, याचें एक उदाहरण लॉस एंजलिस शहरानें घालून दिलें आहे. २००९ सालीं तेथें तुषारयंत्रें सोमवारीं व गुरुवारींच चालवावीं असा नियम झाला. साऱ्या शहरानें त्याच दोन दिवशीं नळ सोडल्यामुळें नळांतील दाब एकदम उतरूं व चढूं लागला, आणि जमिनीखालचे जुने बिडाचे नळ ठिकठिकाणीं फुटले. तज्ज्ञांनीं चौकशी करून या नियमाचा त्यांत हात असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हां २०१० सालीं आठवड्याचे तीन दिवस ठरवून ते घरांच्या सम व विषम क्रमांकांप्रमाणें वांटून देण्यांत आले.

आतां गवताकडे वळूं. पाणी तोडलें कीं हिरवळ पिवळी पडते, आणि मालकाला वाटतें, गेली! वस्तुतः गवताचा जीव पातींत नसून बुंध्याशीं व मुळाशीं असतो. पाण्याची ओढ पडली कीं गवत पातीचा त्याग करतें व निजतें. कॅलिफोर्नियांतील पुष्कळ अंगणांतून जें बर्म्युडा गवत लावतात, तें म्हणजे आपलीच हरळी, गणपतीला वाहावयाची दूर्वा. वैशाखांत करपलेली हरळी मृगाच्या सरीनें कशी तरारून उठते हें कोणाला सांगावयास नको. इतर नाजूक जातींना तीन-चार आठवड्यांतून एकदां थोडें पाणी मिळालें तरी बहुधा त्यांचे बुंधे तग धरतात.

झाडांची गोष्ट मात्र निराळी. आजवर हिरवळीला घातलेल्या पाण्यांतच शेजारचा आंबा किंवा बकुळ आपली तहान भागवीत असतो. हिरवळीचें पाणी बंद केलें कीं त्याचेंहि तुटतें, आणि तें आपल्या लक्षांत येत नाहीं. गवत एका पावसाळ्यांत पुन्हां उभें करतां येतें; वीस वर्षांचें झाड वाळलें तर पुन्हां वीस वर्षें वाट पाहावी लागते. म्हणून क्रम असा धरावा: आधीं माणसें व जनावरें, मग मोठीं झाडें, मग फळभाज्या व झुडपें, आणि सर्वांच्या शेवटीं हिरवळ. झाडाला पाणी खोडाशीं न ओततां फांद्यांच्या घेराखालीं आळें करून सावकाश मुरवावें, आणि आळ्यावर पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी यास उत्तम. अंघोळीचेंहि चालतें, मात्र तें कच्च्या खावयाच्या पालेभाजीला घालूं नये.

ज्यांना नियमाप्रमाणें हिरवळीला पाणी देण्याची मोकळीक आहे, त्यांनीं तें सूर्योदयापूर्वीं द्यावें. भर दुपारीं दिलेलें पुष्कळसें वाऱ्यावर व उन्हांतच जातें. रोज शिंपडण्यापेक्षां क्वचित् पण खोल द्यावें, म्हणजे मुळें खालीं उतरतात. चिकण मातींत एका दमांत न देतां पांच मिनिटें द्यावें, घटकाभर थांबावें, मुरलें म्हणजे पुन्हां द्यावें. आणि गवत फार आंखूड कापूं नये. उंच पात आपल्याच मुळांवर सावली धरते.

हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असें कोणी समजूं नये. एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांसाठीं मिरजेहून पाण्याची आगगाडी सोडावी लागली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी गेलें. वर मांडलेल्या हिशेबानें पाहिलें, तर तें आपल्या दोनशें हिरवळींचें एका वेळचें पाणी! त्याच महिन्यांत मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला, आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश झाला.

कॅलिफोर्नियाच्या हुकुमाचें फळ काय झालें? पुढील सुमारें वर्षभरांत शहरांचा वापर जवळजवळ २४ टक्के उतरला. दंडाच्या भीतीनें एवढें होत नसतें. श्रीमंताला दंड म्हणजे पाण्याचीच किंमत. खरा पालट झाला तो लोकमतांत. पूर्वीं हिरवळ वाळूं दिली म्हणून कांहीं गांवांतून घरमालकांना दंडाच्या नोटिसा येत. २०१५ च्या जुलैमध्यें कायदाच झाला कीं अवर्षणाच्या आणीबाणींत वाळल्या हिरवळीबद्दल कोणत्याहि गांवानें दंड करूं नये. कालपर्यंत जें आळसाचें चिन्ह होतें, तें शेजारधर्माचें चिन्ह ठरलें.

अवर्षणांत नळाचें पाणी माझ्या आवारांत शिरलें म्हणून तें माझें होत नाहीं. तें साऱ्या गांवाच्या तळ्यांतलें आहे, आणि त्या तळ्याचा तळ दिसूं लागला आहे. तेव्हां ज्या वर्षीं पाऊस रुसेल, त्या वर्षीं आपल्या दारची हिरवळ खुशाल पिवळी पडूं द्यावी. ती मेलेली नसते, निजलेली असते. पहिल्या पावसांत आपण होऊन जागी होईल. तहानेल्या शेजाऱ्याला मात्र तोंवर थांबतां येत नाहीं.