ऐकता ऐकता कान बदलतो

आपल्या उमरग्यात भजन कोणी ऐकले नाही? मृदंग वाजू लागला की मान आपोआप डोलते. पण रेडिओवर शास्त्रीय गाणे लागले की पुष्कळजण म्हणतात, "हे काय आ-आ चाललंय? बंद करा बुवा!"

आम्हीही तेच म्हणत होतो.

आमच्या लहानपणी, १९७० नंतर, चुलत्यांच्या घरी रेडिओ होता. आकाशवाणीवर शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. तो १९५२ साली सुरू झालेला. चुलते रेडिओला कान लावून बसत. आम्हाला सिनेमाची गाणी हवी असत. एकदा आम्ही म्हणालो, "तात्या, हा माणूस एकाच शब्दावर किती वेळ बसलाय!" तात्या म्हणाले, "तू बी बस की जरा." आम्ही बसलो नाही. उठून बाहेर गेलो.

पुढे कॅसेटी आल्या. पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग गावोगाव वाजू लागले. भीमसेन कर्नाटकातल्या गदगचे. लहानपणी त्यांनी दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली. गाण्याचे वेड लागले. १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला ते घरातून पळाले. त्या काळची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्याने त्या पोराचे आयुष्य बदलले! आमचा कान बदलायला मात्र वीस वर्षे लागली.

अभंगाचे शब्द ओळखीचे होते, म्हणून आधी ते आवडले. मग शब्दांमधल्या ताना आवडल्या. तान म्हणजे भरभर घेतलेली सुरांची ओळ. मग आम्ही भीमसेनांचा ख्याल आणला. पण सुरुवातीचा संथ भाग आला की आम्ही फीत पुढे ढकलायचो. शेवटच्या ताना तेवढ्या ऐकायचो.

त्या संथ भागात काय असते, बघा. गायक एक राग घेतो. रागाचे सूर ठरलेले असतात आणि त्या सुरांत फिरायची रीतही ठरलेली असते. गायक एकेक सूर हळूहळू उघडतो. तबल्यावर पुष्कळदा एकताल चालू असतो. त्याच्या मात्रा १२. संथ लयीत एका फेऱ्याला अर्धा मिनिट लागते, कधी त्याहून जास्त. फेरा संपला की पहिल्या मात्रेवर गायक आणि तबला एकत्र येतात. ती सम. भजनी ठेक्यात ८ मात्रा झाल्या की सम आलीच. ख्यालात वाट पाहावी लागते. कशाची वाट पाहायची हे ठाऊक नसले की कंटाळा येतो. ठाऊक झाले की ती वाट पाहणेच गोड लागते.

तुम्ही वाचायला शिकलात तेव्हा एकेक अक्षर लावत होता. अक्षर लावण्यातच जीव जाई आणि अर्थ निसटे. आता शब्द एका नजरेत दिसतो. पुस्तक तेच आहे. कानाचेही असेच होते.

चाळिशीनंतर आमचे फीत ढकलणे बंद झाले. नेमके केव्हा, ते सांगता येत नाही. मग धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आवडू लागले. त्यांचा आवाज आधी आम्हाला कोरडा वाटायचा.

आता आमची आवड पहिल्यापेक्षा चांगली झाली काय? तसे छातीठोक सांगवत नाही. पूर्वी तानांनी अंगावर काटा येई, तो आता क्वचितच येतो. ते सुख गेले. उलट जुने अभंग पुन्हा ऐकतो, तेव्हा शब्दांमागचा सूरही ऐकू येतो. तो तेव्हा ऐकूच आला नव्हता.

तुम्हाला ऐकायचे असेल तर भैरवीपासून सुरुवात करा. भजनाच्या शेवटी भैरवी म्हणतात. ती तुमच्या कानाला माहीत आहेच. रोज नवे गाणे शोधू नका. एकच गाणे आठ-दहा रात्री ऐका. आता ते मोबाईलवर फुकट मिळते.

तात्या आता नाहीत. त्या शनिवारी रेडिओवर कोण गात होते, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही.