हळदीच्या कागदावर लोणार

वरणाचा डाग शर्टावर पडलाय. आईला कळायच्या आत तुम्ही साबण लावून खसाखसा चोळता आणि पिवळा डाग एकदम लाल होतो! बोंबला. पण त्या लाल डागात चित्रकलेचा एक भन्नाट प्रकल्प लपलेला आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना सहज जमेल असा. त्यातून तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातले असाल, तर तो करायलाच हवा, कारण लोणार तुमचं आहे.

हळदीचा आणि लोणारच्या सरोवराचा काय संबंध? सांगते.

हळदीला पिवळा रंग देतं ते कुरक्युमिन. लिंबू पिळा, साधं पाणी घाला, ते पिवळंच राहतं. आम्लारी पदार्थ भेटला, की मात्र लालसर होतं. साबण आम्लारी असतो, म्हणून शर्टाची ती गत झाली. लोणारचं पाणीही असंच. शुद्ध पाण्याचा सामू 7, तर या सरोवराचा 10च्या आसपास! उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्यात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात धुण्याचा सोडाही असतो. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, तोही साबण आणि काच बनवायच्या सामानासाठी.

म्हणजे लोणारच्या पाण्यात बुडवलेला ब्रश हळदीच्या कागदावर फिरवला, तर रेघ लाल उमटणार. पण बाटली घेऊन निघू नका हं! ते अभयारण्य आहे. आपण घरीच ‘लोणार’ बनवू.

वाटीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा. खायचा सोडा घेतलात तर रंग जेमतेम बदलेल, कारण तो फार सौम्य. गंमत म्हणजे खायचा सोडा कोरड्या तव्यावर बराच वेळ तापवला, की त्याचाच धुण्याचा सोडा होतो! (हे मोठ्यांकडून करून घ्या.)

आता कागद. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, पण अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये विरघळते. ते मिश्रण चित्रकलेच्या जाड कागदावर फासा आणि कागद सावलीत वाळवा. गॅस किंवा दिवा जवळपास नको, सॅनिटायझर पटकन पेट घेतं. वाळलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्यानं विवराची गोल कड काढा. रेघ चुकली? लिंबाचा रस लावा, लाल पुन्हा पिवळं. असलं खोडरबर दुकानात मिळत नाही.

मला मात्र पुढचा प्रकार जास्त आवडतो. हळदीचा डाग धुऊन जात नाही, पण उन्हात वाळवलेल्या शर्टावर तो फिका पडतो. प्रकाशानं कुरक्युमिन मोडतं. मग हळदीच्या दुसऱ्या कागदावर कडुलिंबाची डहाळी ठेवा, वर काच दाबा आणि सगळं उन्हात ठेवा. एप्रिलमधलं खामगावचं ऊन असेल तर काही तासांत काम होईल, ढगाळ दिवसांत मात्र दिवसचे दिवस लागतील. डहाळी उचला. उघडा भाग फिका पडलेला, झाकलेला पिवळाच. आता सोड्याचं पाणी हलकेच फिरवा. पानांचा एकेक दात तांबडा होऊन उठून दिसेल. वनस्पतींच्या रसावर ऊन पाडून अशी चित्रं काढण्याचे प्रयोग जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं केले आणि 1842 साली ते प्रसिद्ध केले.

कुणी हुशार विचारेल, “जून 2020मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेही असंच का?” नाही. तिथं कुणी हळद टाकली नव्हती. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात रमणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव भरमसाट वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं हे शोधून काढलं. पाऊस पडल्यावर तो रंग ओसरला.

तुमचं चित्रही टिकाऊ नाही बरं. ऊन आपलं काम चालूच ठेवतं. शाळेच्या प्रदर्शनात लावणार असाल, तर चित्रकलेच्या सरांकडून खिडकीसमोरची भिंत नाही, कोपऱ्यातली मागून घ्या.