काचेची खरी पारख

घर सजवताना काचेची जाडी पाहिली जाते. ती फुटेल कशी, हे क्वचितच विचारले जाते. सुरक्षितता मात्र त्यावरच अवलंबून असते. साध्या काचेचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून झपाट्याने थंड केलेली टफन्ड काच बोथट कणांत विखुरते. लॅमिनेटेड काच तडकूनही मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते, म्हणून उंचावरील कठड्यास ती अधिक योग्य.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये काचेसाठी स्वतंत्र विभाग असून, माणूस आदळण्याचा संभव असलेल्या दारांसारख्या जागी सुरक्षा-काच अपेक्षित आहे. तिचे भारतीय मानक आयएस २५५३ होय.

गृहस्थाने एक खूण ध्यानी ठेवावी : टफन्ड काच नंतर कापता येत नाही. कारागिराने घरी हिरकणीने कापून बसवलेली काच, बिलावर काहीही लिहिलेले असो, टफन्ड नव्हे.